फ्रान्सच्या बिनगाडीच्या ग्रॅव्हल वाटांवर निघालात? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात पुण्याहून नाहीतर ठाण्याहून कुणीतरी मेसेज करतं, ताई आम्ही जूनमध्ये येतोय, गाड्या अजिबात नसतील असा सायकलसाठी एखादा ग्रॅव्हल रूट, म्हणजे कच्च्या मुरमाची वाट, सांग ना. मी दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला राहते, कनाल द्यु मिदी या कालव्याचा काठ घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे सांगायला मलाही मनापासून आवडतं. पण नुसता रूट पाठवून भागत नाही हे आता कळलंय, कारण तिसऱ्या दिवशी फोन येतोच, टायर फाटला, पाणी संपलं, पुढचा बोगदाच बंद आहे. या वाटा इतक्या सुंदर आहेत की कुणाची ट्रिप अशा बारीकसारीक कारणांनी वाया गेली की मलाच वाईट वाटतं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

नकाशावरची रेघ बघून रोजचे किलोमीटर ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. मोटारगाड्यांना बंदी असलेल्या वाटेला इथे व्वा व्हेर्त म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. बऱ्याचशा जुन्या बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर आहेत. कालव्याच्या काठी, जिथून पूर्वी घोडे होड्या ओढत न्यायचे, त्या वाटाही अशाच वापरात आल्यात. हिरवी वाट म्हटलं की गाड्या नाहीत एवढं नक्की, पण चाकाखाली काय आहे ते त्यातून काहीच कळत नाही. डांबर असेल, मुरूम टाकून रोलर फिरवलेला असेल, नाहीतर नुसती माती आणि मधोमध गवताची पट्टी.

कनाल द्यु मिदीचंच घ्या. पिएर-पॉल रिकेने १६६६ ते १६८१ मध्ये बांधलेला हा कालवा, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे सेतपर्यंत २४० किमी. तुलूझमधून निघालात की पोर्ट-लोरागेपर्यंतचे साधारण ५० किमी गुळगुळीत डांबर आहे, आणि तिथे जिल्हा बदलला की वाट पण बदलते, कारण वाटेची देखभाल ज्याची त्याची. पुढे काही तुकडे अलीकडे चांगले केलेत पण मधे मधे नुसती पायवाट, त्यात काठावरच्या प्लेन झाडांची (आपल्या चिनारच्या जातीची) मुळं आडवी आलेली, एकामागोमाग एक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाड्याची सायकल होती, २८ मिमीचे टायर, आणि दुकानदार म्हणाला होता कालवाच तर आहे, चालतंय. दुसऱ्या दिवशी कास्तेलनोदारी ते कार्कासोन फक्त ४० किमी होते आणि त्यातच अख्खा दिवस गेला, दोन पंक्चर, आणि संध्याकाळी मनगटं इतकी दुखत होती की ग्लास धरवेना.

तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये रूटचा सरफेस बघा. कोमूट नावाच्या अ‍ॅपमध्ये डांबर किती, कच्चं किती याची वेगळी पट्टी दिसते. मुरमावर डांबरापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो पण मुळांच्या पायवाटेवर ताशी १० किमी जरी पडले तरी पुष्कळ, त्या हिशोबाने मुक्काम धरा. टायर ४० मिमी, शक्यतो ट्यूबलेस. हवा कमी ठेवा, साधारण ७० किलोच्या माणसाला २ ते २.५ बार पुरते. इथले पंप बार दाखवतात आणि आपल्याला पीएसआयची सवय, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय हे लक्षात ठेवा म्हणजे टायर दगडासारखा फुगवून ठेवणार नाही. आणि मुळांवर आदळून हात दुखायला लागले तर सायकलच्या नावाने बोटं मोडण्याआधी थोडी हवा सोडून बघा, दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच बरं वाटतं.

पाऊस पडून गेल्यावर लगेच शेतवाटेवर जाणं

तुलूझच्या आग्नेयेला लोरागेचे डोंगर-टेकाडं आहेत, गव्हाची आणि सूर्यफुलाची शेतं, वर जाणाऱ्या पांढऱ्या वाटा, फोटोत बघून कुणालाही वाटतं इथेच जावं. पण ती माती चिकणमाती आहे हो. आपल्याकडे पावसात काळ्या रानातून चालताना चपलेला किलो-किलो चिखल चिकटतो ना, अगदी तसंच, फक्त तो इथे टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत बसतो. मग चाक फिरत नाही, आपण आणखी जोर लावतो, चेन ओढली जाते, मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये जातो आणि तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, हँगर, तुटतो. माझ्या मैत्रिणीचा असाच तुटला, जवळचं स्टेशन १४ किमी, चालत गेलो. चाक जड वाटलं की लगेच उतरा, काडीने चिखल काढा, आणि पुढच्या डांबरी गल्लीवर निघून या. तुमच्या फ्रेमचा हँगर हा सुटा मिळतो, एक जास्तीचा घरूनच आणा, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि खेड्यात काय शहरात पण तो पटकन मिळत नाही. पाऊस झाला असेल तर दोन दिवस कालवा किंवा रेल्वेलाइनची वाट धरा, तिथे खालची भर घट्ट असते आणि पाणी निचरून जातं.

काट्यांचं पण सांगते. बाभळीच्या काट्यांची सवय असलेल्यांना वाटतं युरोपात कसले काटे, पण ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य भागात, शेतांच्या कडेला उंच कुंपणझाडी असते, ती यंत्राने छाटली की वाटभर काटे पडतात. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.

पाणी आणि खाणं रस्त्यात मिळेलच असं धरून चालणं

सिंहगडाला जाताना जसं दर दोन किलोमीटरला चहा, भजी, लिंबू सरबत असतं तसं इथे नाहीये. गाव येतं, चर्च येतं, आणि सगळं बंद. दुकानं दुपारी १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि बेकऱ्या बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद. जेवण मिळणार ते १२ ते दीड-दोनच्या आतच, अडीचला गेलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि कितीही विनवलं तरी काही होत नाही. शनिवारीच रविवार-सोमवारचं घेऊन ठेवा. काही गावांत ताज्या ब्रेडचं मशीन असतं, नाणी जवळ असू द्या.

पाण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे गावचं स्मशान. ऐकायला विचित्र वाटतं, पण फुलझाडांना घालायला तिथे नळ असतोच आणि इथे सायकलवाले सर्रास तिथेच बाटल्या भरतात. नळावर ‘नों पोताब्ल’ असं लिहिलंय का तेवढं बघा, म्हणजे पिण्यालायक नाही. कडक थंडीत आणि दुष्काळी उन्हाळ्यात नळ बंद ठेवतात, तेव्हा निदान दोन लिटर तरी अंगावर हवं. आणि कनाल द्यु मिदीवर गर्द सावली मिळेल हे जुने फोटो बघून ठरवू नका, २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने इथली हजारो प्लेन झाडं तोडावी लागलीत, नवी लावलीत ती अजून लहान आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी सहाला निघा. बघवत नाही खरं तर तो उघडा काठ.

वाट सलग आहे असं समजणं

बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही फ्रान्सची पहिली व्वा व्हेर्त, १९९७ ची. क्लुनीच्या पुढे ती माकोंकडे जाते तेव्हा ब्वा क्लेअरचा १.६ किमीचा बोगदा लागतो, आणि हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद असतो, मग वरच्या घाटावरून जावं लागतं. ब्रिटनीत नाँत-ब्रेस्त कालवा ३६४ किमीचा, पण गेर्लेदाँच्या धरणाने तो १९३० मध्येच मधोमध तोडला, तिथे काठ सोडून दुसऱ्या वाटेने वळसा घालावा लागतो. पीबीपीसाठी, म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी, येणाऱ्या आपल्या रँडोनर (लांब पल्ल्याच्या सायकलस्वार) मंडळींनी चार दिवस जास्तीचे काढून हा कालवा जरूर करावा, पण हा तुकडा आधी नकाशावर नीट बघून.

जिथे व्वा व्हेर्त गाडीरस्ता ओलांडते तिथे बहुतेक वेळा थांबायचं आपणच असतं, आणि दोन तास गाडी न बघितल्याने तेव्हाच लक्ष नसतं. गाड्या डावीकडून आधी येणार हे डोक्यात पक्कं ठेवा. मागून घोडेस्वार गाठलात तर नुसती बेल वाजवू नका, लांबूनच बोंझूर म्हणा म्हणजे घोडा बुजत नाही.

सप्टेंबरनंतर जंगलात शिकार चालते हे माहीत नसणं

साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली म्हणजे आत्ता या क्षणी शिकार चालू आहे, सरळ मागे फिरा, वाट सरकारी असली तरी. भडक नारिंगी जाकीट घाला. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर सायकल चालवताना चमकणारं जाकीट तर कायद्यानेच लागतं, आणि कानात इयरफोन घालून चालवायला २०१५ पासून बंदी आहे.

ट्रेनचं थोडक्यात: टीईआरमध्ये, म्हणजे स्थानिक गाड्यांत, सायकल बहुतेक ठिकाणी तशीच चढवता येते, काही भागांत उन्हाळ्यात रिझर्व्हेशन लागतं. टीजीव्ही या वेगवान गाडीत जागा आधी बुक करा, नाहीतर चाकं काढून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या बॅगेत भरा.

पहिल्यांदाच येत असाल तर मी कालवा नाही, पासा पाईस सांगेन. माझामे ते बेदारिय, जुन्या रेल्वेलाइनवरची साधारण ८० किमीची वाट, जवळजवळ सगळी घट्ट मुरमाची, रेल्वेची असल्याने चढ जाणवतही नाही. बोगदे आहेत म्हणून दिवा हवाच. ओलार्ग गावाजवळ नदीवरचा जुना लोखंडी पूल येतो, तिथे डबा उघडायचा. तुलूझहून माझामेला थेट टीईआर आहे, बेदारियहून बेझिएमार्गे परत येता येतं, दोन दिवस आरामात काढा, आणि मे महिन्यात या.