ड्रॉईंग फाईल कन्व्हर्ट करताय? आधी या चुका टाळा

डीडब्ल्यूजीचं (ऑटोकॅडची मूळ फाईल) डीएक्सएफ (कटिंग मशीनला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला देतात ती) करा, पीडीएफचं डीडब्ल्यूजी करा नाहीतर थ्रीडी मॉडेलचं एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगला देतात ती फाईल), बिघडलेली फाईल माझ्याकडे येते तेव्हा कारणं तीचतीच असतात. सगळ्यात महागात पडणारं आधी सांगतो.

पीडीएफवरून डीएक्सएफ काढून थेट कटिंगला पाठवणं. एका फॅब्रिकेटरकडे प्लेटचं ड्रॉईंग पीडीएफमधे आलं, कोपऱ्यात स्केल १:१ लिहिलेलं. तिथल्या नवीन मुलाने कन्व्हर्ट केलं, कडेवर २०० लिहिलेलं बघितलं आणि फाईल लेझरला सोडली. पण पीडीएफ काढणाऱ्याने प्लॉट करताना 'फिट टू पेपर' (कागदात मावेल तसं लहान-मोठं करणं) ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ९७ टक्क्यांवर आलेलं, म्हणजे ती २०० ची कड प्रत्यक्षात १९४. डायमेन्शनचा आकडा पीडीएफमधून येताना नुसता टेक्स्ट होऊन येतो, रेषेशी त्याचा काही संबंध उरत नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. फिटिंगला पहिला बोल्ट बसला, दुसरा काही केल्या जाईना, कारण १६० चा पिच (दोन भोकांमधलं अंतर) १५५.२ झाला होता. अख्खा लॉट भंगारात. मला फोन आला तेव्हा विचारलं, रेष मोजलीस का? तर म्हणे, सर त्यावर २०० लिहिलंय ना.

माझी सवय सांगतो. फाईल उघडली की पहिलं डिस्टन्स घ्यायचं, एक आडवं, एक उभं, जितकं लांब मिळेल तितकं. फरक निघाला तर स्केल कमांडमधे रेफरन्स देऊन खऱ्या मापावर आणायचं. आणि भोकं तर मी सरळ नवीन सर्कल मारूनच घेतो, कारण पीडीएफमधे सर्कल नावाची वस्तूच नसते, कर्व्हचे तुकडे जोडलेले असतात. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ऑटोमॅटिक ट्रेसिंगच्या नादी लागू नका, आकडे वाचून नव्याने काढा, शेवटी तेच लवकर होतं.

दुसरं म्हणजे युनिट. पार्ट २५.४ पट मोठा किंवा तेवढाच लहान आला की समजायचं, इंच आणि मिलिमीटरचा घोळ आहे. ऑटोकॅडमधे इनसयुनिट्स (INSUNITS) टाईप करून बघा, १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ० म्हणजे युनिट ठरवलेलंच नाही, आणि हे शून्यवालं प्रकरण सगळ्यात वाईट कारण मग समोरचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. एसटीएलमधे तर युनिट साठवलंच जात नाही, त्यामुळे सोबत मेलमधे लिहून द्यायचं, मिलिमीटरमधे आहे म्हणून. तसंही पुढे कुणाला मॉडेलमधे बदल करायचे असतील तर एसटीएल पाठवू नका, ते नुसते त्रिकोण असतात, स्टेप फाईल द्या.

'आर१२ मधे सेव्ह कर, कुठेही उघडतं' हा सल्ला सगळेच देतात. उघडतं हे खरं, पण आर१२ म्हणजे डीएक्सएफचं जुनं व्हर्जन, त्यात स्प्लाइन (मोकळे वळणदार कर्व्ह) आणि एलिप्स (लंबवर्तुळ) नाहीत, त्यांच्या बारीक बारीक रेषा होतात आणि कापलेल्या कडेवर ते हाताला लागतं. मशीन नवीन व्हर्जन घेत असेल तर आर१२ ला हात लावू नका.

एक्सटेंशनचं नाव बदललं म्हणजे फाईल कन्व्हर्ट झाली नाही. हे अजून सांगावं लागतं याचं खरंच वाईट वाटतं.

एक्सरेफ (ड्रॉईंगला बाहेरून जोडलेली दुसरी फाईल) असेल तर आधी बाइंड करा, म्हणजे ती आतच घ्या, नाहीतर समोरच्याला अर्धंच ड्रॉईंग दिसणार. एसएचएक्स फॉन्ट (ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट) सोबत पाठवा. रेषेवर रेष पडलेली असेल तर ओव्हरकिल (जादा रेषा पुसणारी कमांड) मारा, नाहीतर मशीन तीच कड दोनदा कापतं. क्लायंटचं ड्रॉईंग फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका, ते तुमच्या मालकीचं नाही. आणि ओरिजिनल फाईलवर कधीही सेव्ह मारू नका, मी ती वेगळ्या फोल्डरमधे रीड-ओन्ली करूनच ठेवतो.