पाच मित्रांत एकच तिकीट
म्युनिकमध्ये शिकणारे मित्र शनिवार-रविवारी फिरायला निघताना वेगवेगळी तिकिटे काढतात आणि खर्च विनाकारण वाढतो. त्याऐवजी सर्वांसाठी मिळून एकच ‘बायर्न-तिकीट’ (जर्मनीच्या बव्हेरिया, म्हणजेच बायर्न राज्यात चालणारे एका दिवसाचे तिकीट) काढावे. ते जास्तीत जास्त 5 जणांना चालते, शनिवारी किंवा रविवारी तो दिवस सुरू होताच, म्हणजे आदल्या रात्री 12 पासून, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजेपर्यंत वैध असते आणि प्रादेशिक गाड्यांबरोबरच शहरातील मेट्रो, ट्राम व बहुतेक बसमध्येही वापरता येते. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहण्यासाठी फ्युसेनला जा किंवा ऑस्ट्रियातील साल्झबर्ग गाठा, तिकीट तेच. प्रवाशांची संख्या खरेदीच्या वेळीच सांगावी लागते, म्हणून कोण येणार हे आदल्या रात्रीच पक्के करावे (ऐनवेळी उगवणारा एखादा प्रत्येक गटात असतोच). तिकिटावर प्रत्येकाचे नाव असावे. आयसीई, आयसी या जलद गाड्यांत मात्र हे तिकीट चालत नाही.