गोव्यातल्या धंद्यासाठी ॲप काढायचंय? हायब्रिड की नेटिव्ह, ते असं ठरवा

ॲप काढायचं ठरलं की पहिला प्रश्न डेव्हलपरला जातो, हायब्रिड (एकदाच बनवून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालणारं) करूया की नेटिव्ह (दोन्हींसाठी वेगवेगळं बनवलेलं), आणि तो त्याला जे येतं तेच सांगतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, सुताराला विचारलं तर तो लाकडाचंच दार सांगणार. पण पैसे तुमचे जाणार आणि पुढे चार-पाच वर्षं ते ॲप सांभाळायचंही तुम्हालाच, म्हणून ठरवायचं तुम्ही. माझं मत आधीच सांगून टाकतो: होमस्टे, मसाल्याची बाग, चतुर्थीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारं दुकान, अशा बहुतेक धंद्यांना नेटिव्हची गरज नसते. ज्यांना असते त्यांनी मात्र तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

आधी कागद घ्या

फोनवर गिऱ्हाईक नक्की काय करणार ते एकेका ओळीत लिहा. समजा फोंड्याजवळ तुमची मसाल्याची बाग आहे. पाहुणा वेळ बघणार, माणसं किती ते टाकणार, जेवणासकट तिकीट काढणार, पैसे भरणार, रस्ता बघणार. हे सगळं म्हणजे माहिती दाखवणं आणि फॉर्म भरून घेणं, हायब्रिडमध्ये आरामात होतं.

आता समजा मडगावात ताजी मासळी घरपोच देता. गिऱ्हाईकाचं ॲप वरच्यासारखंच, पण डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे, तरी त्याचं लोकेशन दुकानात दिसत राहायला हवं, आणि बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲप्स खुशाल बंद करून टाकतात, तिथे फोनच्या आतल्या गोष्टींवर पकड लागते. म्हणून इथे दोन वेगळी ॲप्स धरा: गिऱ्हाईकासाठी हायब्रिड आणि पोरांसाठी फक्त अँड्रॉइडवरचं छोटंसं नेटिव्ह. एका धंद्याला एकच तंत्र पाहिजे असा काही नियम नाही, आणि ही गोष्ट लोकांना कोणी सांगतच नाही.

ब्लूटूथवर चालणारी मशीन, सतत चालणारं लोकेशन, कॅमेऱ्यातून जागच्या जागी काही ओळखणं, जड थ्रीडी, यातलं काही कागदावर आलं तर नेटिव्हचा विचार करा. नाही आलं तर पुढे चला.

मग विचारा: हायब्रिड म्हणजे नक्की कुठलं?

बाजारात सगळ्यालाच हायब्रिड म्हणतात, पण आत दोन प्रकार आहेत. एक म्हणजे आयोनिक, कॉर्डोव्हा, कपॅसिटर, यात तुमची वेबसाइटच ॲपच्या आत वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपमध्येच बसवलेल्या ब्राउझरमध्ये, चालते. दुसरा म्हणजे फेसबुकने २०१५ ला आणलेलं रिॲक्ट नेटिव्ह आणि गूगलचं फ्लटर, ज्याचं पहिलं पक्कं व्हर्जन डिसेंबर २०१८ ला आलं. रिॲक्ट नेटिव्ह फोनची स्वतःची बटणं-यादी वापरतं, फ्लटर सगळं स्वतःच्या इंजिनाने रंगवतं, आणि दोन्ही वेबव्ह्यूपेक्षा साधारणपणे जास्त सरसर चालतात. नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट या प्रोग्रामिंगच्या भाषा, म्हणजे दोन वेगळी ॲप्स, बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं.

मोठ्या कंपन्यांची नावं ऐकून घाबरू नका. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडलं, आणि दोनच वर्षांनी शॉपिफायने तेच धरलं. त्यांच्याकडे इंजिनिअरांच्या फौजा आहेत, तुमच्याकडे एक डेव्हलपर आणि तोही अर्धवेळ.

वेबव्ह्यूवालं घेणार असाल तर आयफोनची एक अडचण लक्षात ठेवा. नुसती वेबसाइट गुंडाळून दिलेलं ॲप ॲपल आपल्या नियमांप्रमाणे नाकारू शकतं, त्यात वेबसाइटपेक्षा काहीतरी जास्तीचं पाहिजे, जसं नोटिफिकेशन किंवा ऑफलाइन तिकीट.

आणि खरंच ॲप पाहिजे का, तेही एकदा विचारा. काणकोणला आठ खोल्यांचा होमस्टे असेल आणि पाहुणा वर्षातून एकदा येत असेल तर तो ॲप कशाला ठेवेल? चांगली मोबाइल वेबसाइट काढा, होम स्क्रीनवर टाकता येईल अशी. आयफोनवर अशा साइटला नोटिफिकेशन पाठवायची सोय २०२३ पासून, म्हणजे आयफोनची सिस्टीम आयओएस १६.४ पासून आहे, पण पाहुण्याने आधी ती होम स्क्रीनवर टाकायला हवी.

पैसे द्यायच्या आधी नमुना फिरवून बघा

ही पायरी अजिबात सोडू नका. दोन-तीन स्क्रीनचा नमुना मागा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि तो पणजीच्या ऑफिसातल्या वायफायवर बघू नका. वाळपई, नेत्रावळी बाजूला जा, पावसात जा, लाइट गेलेली असताना बघा. फोनही तीन-चार वर्षं जुना, कमी मेमरीचा अँड्रॉइड घ्या, कारण तुमच्या कामगारांकडे तोच असतो, विदेशी पाहुण्याकडे आयफोन असला तरी. नेट गेल्यावर पांढरी स्क्रीन येते का, की आधीचं बुकिंग दिसतं? मराठी-कोंकणी जोडाक्षरं नीट दिसतात का?

पेमेंटचं बटण तर दाबून बघाच. साध्या वेबव्ह्यूमध्ये यूपीआयची लिंक आपोआप दुसऱ्या ॲपकडे जात नाही, डेव्हलपरने ती सोय मुद्दाम करावी लागते, नाहीतर गूगल पे उघडायच्या जागी एररचं पान येतं आणि गिऱ्हाईक तिथूनच जातं. बोटीची फेरी, खोली, जेवण अशा प्रत्यक्ष सेवेचे पैसे यूपीआयने घ्यायला ॲपल आडवं येत नाही, त्यांचं स्वतःचं पेमेंट ॲपमधल्या डिजिटल वस्तूंना लागतं.

नमुना इथे अडखळला आणि डेव्हलपर म्हणाला "नंतर नीट होईल", तर कसं होईल ते लिहून मागा. सांगता आलं नाही तर तंत्र बदला किंवा माणूस.

खर्च बघताना दुसरं वर्ष बघा

गूगल प्लेची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. ती किरकोळच आहे, खरा खर्च सांभाळण्याचा. गूगल दरवर्षी ॲप नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायला लावतं, आयफोनचं नवं आयओएस साधारण सप्टेंबरमध्ये येतं. हायब्रिडमध्ये हे काम बरंचसं एकाच कोडमध्ये होतं, नेटिव्हमध्ये दोनदा. हायब्रिडमध्ये मात्र जोडलेली प्लगिन्स (दुसऱ्यांनी बनवलेले तयार तुकडे) आणि खालचं साधन कोणीतरी सांभाळत असायला लागतं: ॲडोबीने २०२० मध्ये फोनगॅप या हायब्रिड ॲप बनवायच्या साधनाचं काम थांबवलं तेव्हा त्यावर उभे असलेले लोक दुसरीकडे हलले. म्हणून कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षाचा आकडा वेगळा मागा, आणि तो आकडा बघूनच हायब्रिड-नेटिव्हची तुलना करा.

प्ले कन्सोल (गूगल प्लेवर ॲप टाकायचं खातं) आणि ॲपलचं खातं धंद्याच्या स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने उघडा, डेव्हलपरला फक्त परवानगी द्या. कोडही तुमच्या खात्यात राहू दे. उद्या तो दुबईला गेला तर नवीन माणसाला निदान हात घालता येईल.

कॅलेंडर

चार्टर विमानं ऑक्टोबरपासून यायला लागतात, त्याच्या आधी ॲप स्टोअरवर पाहिजे. तुम्ही प्लेवर नवीन वैयक्तिक खातं काढलं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. कंपनीच्या नावाने खातं काढायचं तर डन्स नंबर, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लागतो, तो मोफत आहे पण मिळायला वेळ जातो. म्हणजे कागद आणि नमुना मे-जूनमध्ये, काम पावसाळ्यात धंदा मंद असताना, आणि टेस्टिंग चतुर्थीच्या गडबडीच्या आधी सुरू, कारण चतुर्थीत १२ माणसं फोन हातात धरून बसणार नाहीत.