उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका: योग्य दाब कसा ठेवावा

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की पंपावर सल्ला हमखास मिळतो: "साहेब, ऊन फार आहे, दोन पॉइंट कमीच ठेवा." अजिबात ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि रबर आतून तापतं. समृद्धी महामार्गावर तास-दोन तास सलग वेगात गाडी चालली, तर असा टायर फुटू शकतो.

१. आधी आकडा शोधा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो. दोन माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी दाब बहुधा वेगवेगळा दिलेला असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरायची नसते.

२. हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने (पंपावरच्या भाषेत एक पॉइंट) वाढतो. सकाळचे ३३ दुपारी ३६-३७ दिसले तर घाबरू नका, ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. तेव्हा हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९-३०च उरतील. पंप लांब असेल तर स्वतःचं गेज घ्या. घरी सकाळी मोजा आणि जेवढे पॉइंट कमी भरतील, तेवढेच पंपावर दिसणाऱ्या आकड्यात वाढवून घ्या. निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याची थंडी पडते, तेव्हा दाब आपोआप उतरतो. त्या दिवसांत पंधरवड्याला बघा.

३. पावसाळ्याआधी नक्षी तपासा. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचाच. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय, मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड गेली असेल तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, म्हणजे चाकं सरळ रेषेत बसवून घ्या. पावसात पकड वाढावी म्हणूनही हवा सोडू नका. साचलेलं पाणी बाजूला सारायला पूर्ण दाब लागतो.

४. टायरचं वय बघा. बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक २३२१ असतील तर तो २०२१च्या २३व्या आठवड्यात बनला आहे. बाजूला भेगा दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी टायरवाल्याला दाखवा.

५. स्टेपनीतही हवा भरून घ्या. शेवटी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला नाही तर टोपी घट्ट लावा.