निदानानंतरचा पहिला आठवडा : एचआयव्हीबाधित व्यक्तीला उपचारांपर्यंत कसे न्यावे

तपासणी केंद्रातून 'पॉझिटिव्ह' अहवाल घेऊन बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात केवळ चिठ्ठी देऊन 'सिव्हिलला जा' असे सांगणे पुरेसे नसते; नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रापर्यंत (जिथे एचआयव्हीची औषधे मिळतात) त्याच्यासोबत जाणारे कोणीतरी हवे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणून भेटीचा दिवस त्याच्या साप्ताहिक सुट्टीशी जुळतो का, हे आधी पाहावे आणि तसे जुळत नसेल तर गाडीभाड्याची सोय करावी.

बोलणे वस्तीत, दारात उभे राहून कधीही करू नये. पत्र्याच्या भिंतीतून शेजारच्या घरातला खोकलासुद्धा ऐकू येतो, तिथे आजाराचे नाव कसे लपणार? फोन कोणत्या क्रमांकावर, किती वाजता करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलल्यास काय सांगायचे, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना सांगण्यास 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

सोबत तपासणी अहवाल व ओळखपत्र घ्यावे; पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जाणे लांबवू नये. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातील घट असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण क्षयरोग आढळल्यास एचआयव्हीची औषधे केव्हा सुरू करायची हे डॉक्टर त्यानुसार ठरवतात. औषधे मोफत मिळतात आणि सीडी4 (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असला तरी दिली जातात. शंकांसाठी 1097 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.

पहिली बाटली संपण्याआधी पुन्हा भेटावे. उपचारांतून रुग्णांची गळती बहुधा इथेच होते.