जिम ट्रेनर व्हायचंय? आधी विचारायला शिका

‘कुठला कोर्स करू?’ असं नवीन मुलं विचारतात. कोर्स लागतोच. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केलेल्यांचा शरीररचनेचा पाया पक्का असतो. पुण्याच्या आगाशे कॉलेजातून किंवा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून आलेली मुलं म्हणूनच उठून दिसतात. ते जमणार नसेल तर एसीई, एसीएसएम किंवा के-११चं सर्टिफिकेट करा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, मात्र शिकाच. कामाची वेळ विचित्र असते. सकाळी साडेपाचला शटर वर, दुपार मोकळी, मग पुन्हा रात्री दहापर्यंत. फ्लोअरवर सगळ्यांकडे बघायचा पगार बेताचाच, घर चालतं ते पीटीवर, म्हणजे एकेकाला वेगळं शिकवायच्या पर्सनल ट्रेनिंगवर.

सर्टिफिकेटाने नोकरी लागते. क्लायंट टिकतो तो तुम्ही त्याला काय विचारता यावर.

बऱ्याच जिममध्ये तब्येतीचा छापील फॉर्म असतो आणि लोक त्यावर सरसकट ‘नाही’वर टिक करतात. बीपी? नाही. शुगर? नाही. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवून विचारतो, ‘सकाळी चहासोबत कुठली गोळी घेता?’ मग हळूच उत्तर येतं, ‘बीपीची एक असते, पण कंट्रोलमध्ये आहे.’ त्या गोळ्यांपैकी काहींमुळे नाडीचे ठोके फारसे वाढतच नाहीत. अशा माणसाला घड्याळातला हार्ट रेट बघून पळवू नका. चालताना त्याला दोन वाक्यं सलग बोलता येताहेत का ते बघा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर सकाळी उपाशीपोटी व्यायाम देऊ नका, चक्कर येऊ शकते. श्रावणात आणि नवरात्रात ‘आज उपास आहे का?’ हेही विचारा. साबुदाण्याच्या वाटीवर लेग डे, म्हणजे पायांचा जड व्यायाम, मारणारे वीर दर वर्षी भेटतात.

दुखापतीचं म्हणाल तर ‘वाईट’ व्यायामापेक्षा घाईच जास्त नडते. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, पण स्नायू हाडाला बांधणारे टेंडन त्यामानाने सावकाश तयार होतात. जानेवारीत आलेला पोरगा फेब्रुवारीत बेंचवर प्लेटा वाढवतो आणि मार्चमध्ये खांदा धरून बसतो, त्याचं एक कारण हे. त्याला अडवणं हेच तुमचं काम, मग तो चिडला तरी चालेल.

पन्नाशीच्या एक काकू स्क्वॉटला खाली जाताना टाचा उचलायच्या, गुडघे आत वळायचे. ‘गुडघे बाहेर’ असं ओरडून काही होत नाही. मागे खुर्ची ठेवली आणि सांगितलं, बसा, उठा, घाई नाही. ते जमल्यावर खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आलं. हातात डंबेल बऱ्याच नंतर दिलं. वजनकाटा फारसा हलला नव्हता, पण सत्यनारायणाच्या पूजेत पाटावरून हात न टेकता उठता आलं म्हणून पेढे घेऊन आल्या.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या भरून येणं ठीक आहे. एकाच बाजूला, नेमकं सांध्यात टोचत असेल, कळ कमरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर थांबवा आणि डॉक्टरकडे पाठवा. ‘नस दबलीय’ असं निदान तुम्ही करायचं नाही आणि मान-पाठ कडकड मोडायचीही नाही.

आहाराबद्दल थोडंच सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला साधारण पन्नास ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतात, पण सुरुवात प्रोटीन पावडरच्या डब्यापासून नको. आधी ताटात काय पडतं ते विचारा. वरण-भात-भाजीच्या ताटात बहुतेकदा कमी पडतात, तिथे उसळ, दही, पनीर, अंडी वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुचवू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी एक गोष्ट विचारून घ्या: सप्लिमेंटचे डबे खपवायचं टार्गेट ट्रेनरवर आहे का? असेल तर दुसरी जिम बघा. महिनाअखेरीला टार्गेट अपुरं असलं की समोरच्याला काय हवंय हे ऐकूच येत नाही.