प्रार्थना, घर आणि मंडळीची सेवा: विश्वासात वाढताना या चुका टाळा

प्रार्थना कोरडी वाटायला लागली की आपण प्रार्थनेचीच दुरुस्ती काढतो. वेळ बदलतो, नवी वही आणतो, उपास धरतो. याने कधी फरक पडतोही. पण पुष्कळदा बिघाड असतो एकीकडे आणि दिसतो दुसरीकडे. घरातलं ताणलेलं नातं प्रार्थनेत जाणवतं, आणि थांबलेली प्रार्थना मंडळीच्या (चर्चच्या) बैठकीत चिडचिड होऊन बाहेर पडते. येशूचा शिष्य पेत्र याने पतींना लिहिलं आहे की पत्नीशी समजूतदारपणे वागा, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही (१ पेत्र ३:७). त्याने घर आणि प्रार्थना एकाच वाक्यात बांधली आहेत, म्हणून दोष शोधतानाही या दोन्ही गोष्टी एकत्रच तपासायला हव्यात.

भांडण तसंच ठेवून प्रार्थनेला बसणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: राग आपल्या मनात आहे की नाही, हा प्रश्नच नाही. समोरच्याच्या मनात आहे ना, मग उठायचं आपण.

समेटाचा प्रयत्न फसतो तो बहुतेक वेळा मोघम माफीमुळे. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ या वाक्यात चूक कबूलच होत नाही. त्याऐवजी, ‘काल पाहुण्यांसमोर तुझं बोलणं तोडलं आणि तुला गप्प बसवलं, ते चुकलं’ असं नेमकं म्हणावं. पुढे ‘पण तूही’ जोडू नये. समोरच्याला लगेच माफ करता आलं नाही, तर त्याला वेळ द्यावा. ‘प्रभूने तुला क्षमा केली, मग तू का करत नाहीस’ हे वाक्य ज्याने दुखावलं त्याच्या तोंडी शोभत नाही.

प्रार्थनेत सगळं ठीक असल्यासारखं बोलणं

आपल्याला वाटतं की तक्रार केली तर विश्वास कमी पडला. स्तोत्रकर्त्यांना तसं वाटत नव्हतं. १३वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि पिढ्यानपिढ्या प्रार्थना म्हणून वाचलं जातं. शब्द सुचत नसतील तर यातलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि जी ओळ आपली वाटेल तिथे थांबून आपल्या भाषेत पुढे बोला. प्रार्थना लांबलचक हवी हाही गैरसमजच. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मत्तयात अवघ्या पाच ओव्यांत मावते (६:९-१३), आणि तिच्या आधी व्यर्थ बडबड करू नका ही ताकीद आहे.

जे संदेश देतात, संडे स्कूल घेतात, गायनमंडळ चालवतात, त्यांच्यासाठी यात एक वेगळी अडचण असते. वचन उघडलं की डोक्यात संदेशाचे मुद्दे तयार व्हायला लागतात. वाचन होतं ते इतरांसाठी, प्रार्थना होते ती कार्यक्रमासाठी. असं होत असेल तर ज्या पुस्तकातून सध्या शिकवायचं नाही असं एखादं पुस्तक फक्त स्वतःसाठी वाचावं. मार्काच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच येशू एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबतचे त्याला शोधून काढतात आणि सांगतात, सगळे तुला शोधत आहेत. तरी तो माघारी त्या गर्दीकडे जात नाही, शेजारच्या गावांकडे निघतो. दिवस कुठे न्यायचा हे गर्दीने ठरवलेलं नाही, आणि सेवेत असलेल्या माणसाने यावर जरूर विचार करावा.

कौटुंबिक उपासनेचा वापर बोलणी ऐकवण्यासाठी करणं

शाळेचा निकाल लागला आहे, गुण कमी आहेत. संध्याकाळी वडील पवित्र शास्त्र उघडतात आणि नेमका इफिसचा सहावा अध्याय काढतात: मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा. तिसऱ्या ओवीला पुस्तक मिटतं. चौथी ओवी बापांसाठी आहे, मुलांना चिडीस आणू नका म्हणणारी, पण ती त्या दिवशी कुणी वाचतच नाही. मुलाला मात्र सगळं कळतं. असं दोनचारदा झालं की उपासनेची वेळ झाली म्हणताच त्याच्या पोटात गोळा येतो.

यावर साधा उपाय म्हणजे त्या दिवसाच्या प्रसंगावरून उतारा निवडायचाच नाही. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळा अध्याय आहेत, रोज थोडं थोडं क्रमाने वाचा. जे येईल ते सगळ्यांना सारखंच लागू. दहा मिनिटं पुरतात. मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. कधी बाबांनी सगळ्यांसमोर प्रार्थना करावी की आज मी तापलो, मला सांभाळ. आणि खुर्चीत बसून केलेली उपासना म्हणजेच सगळं नव्हे. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनाबद्दल घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलायला सांगितलं आहे.

घरात एकटीच आई विश्वासात असेल तर ती खचून जाते, जोडीदाराच्या मागे लागते, आणि मग घरात धर्माचं नाव निघालं की वाद होतो. तिने प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं घर आठवावं. त्याचा बाप हेल्लेणी (ग्रीक) होता, आणि पौल ज्या विश्वासाची आठवण काढतो तो लोईस आजीचा आणि युनीके आईचा (२ तीमथ्य १:५).

प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याची गोष्ट पसरवणं

‘कुणाला सांगू नका, पण प्रार्थना करा’ असं म्हणत एका घराचं दुःख रविवारपर्यंत साऱ्या मंडळीत पोचतं. आपला संदेश ग्रुपवर वाचलेला माणूस पुन्हा कधी मन मोकळं करत नाही. विनंती ऐकतानाच विचारून घ्यावं: हे मी कुणाला सांगू शकते आणि किती? स्पष्ट परवानगी नसेल तर ती गोष्ट आपल्यापाशीच राहावी, पाळकांच्या घरातही.

हुशारी पाहून जबाबदारी देणं, आणि मग सगळं त्याच्यावरच टाकणं

छान बोलतो, गळा चांगला आहे, हिशेब येतो, म्हणून मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, नेमले जातात. १ तीमथ्य ३ मधली यादी वाचली तर कौशल्य म्हणावं असं एकच सापडतं, शिकवण्याची हातोटी. बाकी जवळजवळ सगळं स्वभावाचं आणि घरातल्या वागण्याचं आहे, आणि नवशिक्याला नेमू नये असंही तिथे आहे. नवा विश्वासू उत्साही असतो, त्याला नाही म्हणताना जीवावर येतं, पण त्याच्यावर पद लादण्यात त्याचंच नुकसान आहे.

मात्र या यादीतली घर नीट सांभाळण्याची अट पाळकांच्या मुलांवर पाळत ठेवायला वापरू नका. एली याजकाला दोष लागला तो मुलांची दुष्कृत्यं माहीत असूनही त्याने आवरलं नाही म्हणून (१ शमुवेल ३:१३). मोठं झालेलं मूल स्वतःच्या वाटेने गेलं, एवढ्यावरून बापाला अपराधी ठरवता येत नाही. शमुवेलाचे मुलगे लाच घेत होते, तरी त्यासाठी शमुवेलाला नाकारल्याचं शास्त्रात कुठे नाही.

दुसरं टोक म्हणजे सगळं एकानेच ओढणं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसायचा. सासरे इथ्रो आले, त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की तूही थकशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले गेले (निर्गम १८). यरुशलेमच्या मंडळीत हेल्लेणी भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रारदारांना गप्प केलं नाही, सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं वाचा, सगळी हेल्लेणी आहेत (प्रेषितांची कृत्ये ६:५). म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटप आलं. आपल्या मंडळीत बायका, तरुण, नवे आलेले यांच्याकडून कुरकुर ऐकू येते तेव्हा त्यांच्यातल्या किती जणांना खरा अधिकार मिळतो? पैशांच्या बाबतीतही हेच. अर्पण नेहमी दोघांनी मोजावं, तेही एकाच घरातल्या दोघांनी नव्हे. मदतीची रक्कम नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने इतरांना सोबत घेतलं होतं (२ करिंथ ८:२०-२१).

प्रत्येक दुखण्याला आत्मिक कारण लावणं

मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोप मिळाली, भाकर आणि पाणी मिळालं, आणि हे दोनदा झालं (१ राजे १९). झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला डॉक्टरांकडेही घेऊन जा. आणि घरात मारहाण होत असेल तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ हा सल्ला कधीच देऊ नका. आधी त्या बाईला आणि मुलांना सुरक्षित जागी पोचवा, कायद्याची मदत मिळवून द्या. मारणाऱ्याला मंडळीत पद असेल तर ते त्याच दिवशी काढून घ्या.

सेवेत असलेल्यांनी आणखी एक करावं. वर्षातून एकदा जोडीदाराला आणि मुलांना वेगवेगळं विचारावं की माझ्या सेवेमुळे तुम्हाला काय सोसावं लागतं. ते बोलत असताना सफाई देऊ नये. ऐकलेलं लिहून घ्यावं, आणि पुढच्या महिन्याच्या बैठका ठरवताना तो कागद समोर ठेवावा.